अण्णांनी बरा केलेला कान

अण्णांना कुठलाही चेहरा जसा आहे तसा बघवत नसे. आपण त्यांच्या स्टुडिओत शिरलो की नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, गॅरेजवाला ठोकलेल्या गाडीकडे बघतो तसे ते आपल्या तोंडाकडे बघत आणि मान जराशी कलती करून म्हणत, "डोळ्याखाली जरा काम हाय." बँकेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही त्यांनी हेच सांगितलं. मी म्हटलं, तोंड माझं आहे, काम असलं तर माझं मी बघेन. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि करायचं तेच केलं. फोटोत माझ्या धाकट्या बहिणीसारखी दिसणारी कुणी बाई आली. मला धाकटी बहीण नाही. तो फोटो ओळखपत्रावर लागला आणि नवीन वॉचमन मला कितीतरी दिवस दारात अडवून चौकशी करायचा.

खुद्द अण्णांचं रूप काय वर्णावं? तोंडभर देवीचे व्रण, रापलेला काळा रंग, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आणि हा माणूस शाहूपुरीच्या एका बोळात बसून सगळ्या गावाला रूप वाटत होता. तरुणपणी म्हणे ते निगेटिव्हवर पेन्सिल चालवून नवरीच्या गालावरचे डाग घालवायचे. पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा पेन्सिल ठेवून त्यांनी माउस धरला आणि उत्साह दुप्पट झाला. मग घरोघरी मोबाईल आले. माणसं स्वतःच स्वतःचे फोटो काढून स्वतःच गोरी होऊ लागली आणि अण्णांच्या बाकावर धूळ बसली. तेव्हा ते जनावरांकडे वळले. जनावराला मोबाईल धरता येत नाही, त्यामुळे तेवढंच गिऱ्हाईक शिल्लक राहिलं होतं.

आणि आमच्या गावात त्या गिऱ्हाइकाला तोटा नाही. कुत्रं वर्षाचं झालं की चौकात त्याचा फ्लेक्स. बैल शर्यतीत पळाला की फ्लेक्स, नुसता विकत आणला तरी फ्लेक्स. मधोमध ते बिचारं जनावर, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात सोन्याची चेन, मागे उगवता सूर्य, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेतला प्रत्येक जण असा गंभीर, जणू कुत्र्याच्या वाढदिवसाचा सगळा भार त्याच्याच खांद्यावर आहे. रस्त्यातला खड्डा बुजवायला यातला एक पुढे येणार नाही. हे फोटो अण्णांच्या हातचे असत आणि फ्लेक्ससमोर उभं राहून आपलं काम न्याहाळताना त्यांना मी पुष्कळदा पाहिलं आहे. मला किळस यायची. माझ्या मोबाईलमध्ये जनावराचा एकही फोटो नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता.

फोटो काढण्यात अण्णांना मुळी रस नव्हताच. जनावर समोर कसंही उभं असो, दात काढो की पाठ फिरवो, ते बटण दाबून मोकळे. "फोटो काढणं म्हंजे बाजारातनं भाजी आणणं," ते म्हणत. "रांधायची कुणी?" मग रांधणं सुरू. मांजराच्या मिशा सरळ होत, पोपटाचा रंग उजळे, बैलाची दोन्ही शिंगं एकाच मापाची होत. मोबाईलमधल्या फिल्टरचं नाव काढलं की त्यांच्या नाकपुड्या फुगत. समद्यांस्नी एकच सदरा, असं ते त्याला म्हणत. आपण मात्र माप घेऊन शिवतो, ही त्यांची घमेंड होती. पेठ वडगावच्या एकाने म्हैस विकायला काढली तेव्हा तिचा फोटो अण्णांनीच सजवला होता. फोटो बघून लांबून गिऱ्हाईक आलं, म्हशीभोवती फिरलं आणि म्हणालं, ही नव्हे, ती फोटोतली दाखवा. म्हशीचा मालक भांडायला आला, तर अण्णांनी त्यालाच विचारलं, की तुझ्या म्हशीचं शिंग वाकडं हा काय माझा गुन्हा?

अशा माणसाकडे माझी आई चेअरमनला घेऊन गेली. चेअरमन म्हणजे आमचा कुत्रा. वडिलांनी त्याला रस्त्यावरून उचलून आणला होता आणि दारातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरतो म्हणून हे नाव ठेवलं होतं. अंगाने मळकट पांढरा. डावा कान कुठल्याशा मारामारीत अर्धा फाटून गेलेला, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, गळ्याला जुन्या दोरीचा वळ. वडील गेले त्या रात्रीपासून तो आईच्या कॉटखाली झोपू लागला. दिवसा ती बोलायची तीही त्याच्याशीच, कारण मी बँकेत. शेजारणींनी भरीला घातलं आणि त्याचा एक फोटो असावा असं तिच्या मनाने घेतलं.

अण्णांनी उजवा कान उचलून, उलटा करून डाव्या जागी बसवला. चांगल्या डोळ्याचीही तीच तऱ्हा. गळ्याचा वळ गेला, अंग दुधासारखं झालं. आईने तो फोटो काच लावून वडिलांच्या फोटोशेजारी टांगला. मी अण्णांना विचारलं, हे कुणाचं कुत्रं आमच्या भिंतीवर चढवलंत? ते जराही ओशाळले नाहीत. "मॅडम, आक्कास्नी त्यो असाच दिसतुया," ते म्हणाले. आईला ते आक्का म्हणत. असल्या उत्तराला काय म्हणायचं? खोटेपणा करून वर शहाणपणा शिकवणारी माणसं मला आधीच सहन होत नाहीत.

मग गणपतीची मिरवणूक आली. आमच्या बोळाच्या तोंडाशी कुठल्याशा मंडळाने डॉल्बीच्या भिंती उभ्या केल्या आणि देवाच्या नावाने खिडक्यांच्या काचा थरथरवल्या. चेअरमन साखळी तोडून पळाला. सकाळी तो आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आई बोळाबोळातून हाका मारत हिंडली. जेवायला बसली की एक भाकरी बाजूला काढायची आणि मग स्वतःची तशीच ठेवून उठायची. तिची साखर वर-खाली होऊ लागली. डॉक्टर मला एकीकडे घेऊन म्हणाले, बाकी सगळं नंतर, आधी तो कुत्रा शोधा.

अण्णा आपणहून धावून आले. हरवल्याचे फ्लेक्स त्यांनीच करून घेतले आणि ओळखीपाळखीच्या गावांत लावले. फोटो अर्थातच भिंतीवरचा, कारण दुसरा नव्हताच. डावा कान फाटका आहे, हे मी हट्टाने खाली लिहायला लावलं. पण मजकूर कोण वाचतो? आणि वाचला तरी वर फोटोत दोन्ही कान ताठ उभे. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात कोल्हापुरातली देखणी कुत्री येऊ लागली. कुणी पोमेरियन आणला, कुणी बांधलेलं सोडून आणलं, त्याचा मालक मागोमाग शिव्या देत आला. आईला आताशा नीट दिसत नाही. प्रत्येक वेळी ती उंबऱ्यात वाकून त्या कुत्र्याचा डावा कान बोटांनी चाचपायची. कान पुरता लागायचा. मग ती त्याला बिस्कीट द्यायची आणि आत जायची.

चौथ्यांदा की पाचव्यांदा ते बघितलं आणि मी तडक स्टुडिओत गेले. बोलायचं ते सगळं बोलले. म्हटलं, तुमच्या सुंदरपणाने माझी आई मरेल. आमचा कुत्रा कुठेतरी उभा असेल आणि लोक त्याला दगड मारून तुमच्या त्या राजकुमाराला शोधत असतील. अण्णा खुर्चीत बसून ऐकत राहिले.  मग ते कॉम्प्युटरकडे वळले. "मूळ फोटू मी कवा पुसत न्हाय," ते म्हणाले.

मूळ फोटो कॉम्प्युटरवर आला आणि मला रडूच आलं. त्यात काहीच दिसत नव्हतं. चेअरमन सावलीत, तोंड काळंकुट्ट, डोक्यामागे मळका पडदा, अर्ध्या अंगावर आईचा पदर आलेला. फाटका कान पडद्यात मिसळून गेला होता. बटण दाबून मोकळं होणाऱ्या माणसाचा फोटो तो. हा लावला असता तरी कुणाला काय कळलं असतं, कपाळ? अण्णांनी चष्मा पुसला आणि कामाला लागले. पडदा कापला, पदर काढला. तोंडावर उजेड आणला, पण अंगाचा मळका रंग तसाच ठेवला. मग ते कानाशी आले. फाटलेली कड पडद्यापासून सुटी करून एकेक केस बाहेर काढायला त्यांनी उरलेली दुपार घातली. डोळ्यातलं फूल ठळक केलं, दोरीचा वळ उठवला. मध्येच हात थांबवून म्हणाले, "मॅडम, माझ्याच हातानं कान फाडल्यागत वाटतंय."  कॉम्प्युटरवरून आमचा चेअरमन माझ्याकडे बघत होता, एका डोळ्याने, संशयाने, अगदी जसाच्या तसा. हा फोटोही अण्णांनी केलेलाच होता आणि यापेक्षा खरा चेअरमन मी कुठल्या फोटोत बघितला नाही.

नवे फ्लेक्स लागले आणि त्याच संध्याकाळी गडमुडशिंगीहून दूध डेअरीवाल्याचा फोन आला. "अवो पावणं, ह्ये कुत्रं तर आमच्या डेअरीम्होरंच हाय की. तुमचा पयला फ्लेक्स लावलेला न्हवं, त्येच्याच सावलीला बसतंय रोज."

आई, अण्णा आणि मी रिक्षाने गेलो. वर दुधासारखा राजकुमार, दोन्ही कान ताठ. खाली आमचा चेअरमन, चिखलाने माखलेला, दुधाच्या कॅनवर डोळा ठेवून. गावाने त्याच्याशेजारी उभं राहून वरचा फोटो बघितला होता आणि हळहळ व्यक्त केली होती. आई खाली बसली. तो आला. तिने आधी डावा कान चाचपला. अर्धाच लागला, तेव्हा तिने कान हातात धरून ठेवला आणि इतके दिवस न रडलेलं सगळं रडून घेतलं. मी मोबाईल काढून फोटो काढला, जनावराचा आयुष्यातला पहिला. परतताना रिक्षात अण्णा म्हणाले की कुत्रा लई वाळलाय, पण फोटोत पोट भरता येईल. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बाहेर बघू लागले. आणि आईने? घरी येऊन दोन्ही कानांचाच फोटो भिंतीवर राहू दिला.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. स्टुडिओतच, खुर्चीत बसल्या बसल्या. मला कळलं ते फ्लेक्सवरून. बँकेत जाताना चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली' बघितलं, वर कुणीतरी गोरा गुळगुळीत गृहस्थ होता, काळेभोर केस, मागे ढग. मी पुढे निघून गेले. संध्याकाळी सिग्नलला थांबले तेव्हा खालचं नाव वाचलं. कुणा टिनपाट डिझायनरने मोबाईलमधलं बटण दाबून अण्णांच्या तोंडावरचा एकूण एक व्रण पुसून टाकला होता. समद्यांस्नी एकच सदरा. आईला चौकात आणून दाखवलं तर ती डोळे बारीक करून म्हणाली, "ह्ये कोण?"

घरी येऊन मी मोबाईलमधला गडमुडशिंगीचा तो फोटो उघडला. आई आणि चेअरमन मधोमध, आणि अगदी कडेला, डेअरीच्या सावलीत, अण्णा. काळे, अंधुक, दुधाच्या कॅनने अर्धे झाकलेले. आयुष्यभर ज्या कामाला नाकं मुरडली ते मी बसून केलं. कॅन कापला. तोंडावर उजेड आणला. अंधारात गेलेला गाल हळूहळू वर आला आणि त्याच्यावरचे व्रण मी एकेक करून दिसते केले. चष्म्याच्या काडीचा दोराही सोडवून घेतला. या माणसाचा मला इतका राग येत होता आणि आता तो दिसावा म्हणून माझे डोळे दुखेपर्यंत मी बसले होते. मूळ फोटो पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिंट आणून आईच्या हातात दिली. तिने ती खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली. चेअरमन तिच्या पायाशी येऊन बसला.

"व्हय," ती म्हणाली. "ह्ये आण्णा."

आता तो फोटो भिंतीवर आहे, त्या राजकुमाराच्या शेजारी. डाव्या डोळ्याखाली जरा काम राहिलं आहे. ते मी तसंच राहू दिलं.