माशाला विचारून सोडलेलं पाणी

"थांबा सायेब, माशाला इचारतो."

मीटरवर आकडा बरोबर आला तरी आमचे काका हमखास असं म्हणायचे. अलिबागजवळच्या आमच्या कारखान्यात मोबाइलचे सर्किट बोर्ड बनतात. ते धुताना पाण्यात तांबं उतरतं. पाणी शुद्ध करून खाडीत सोडायचं काम काकांचं, कागदावर सही करायचं माझं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यावाचून काम अडतं आणि ज्याला कुणी बैठकीला बोलावत नाही.

शुद्ध केलेल्या पाण्याच्या काचपेटीत काकांनी चार मासे पाळले होते. रोज सकाळी त्यात नवं पाणी घालून तासभर समोर बसायचे. मासे नीट फिरले तरच खाडीकडचा व्हॉल्व्ह उघडायचा.

"मग मीटर कशाला घेतलाय, काका?"

"मीटरला खाडीतलं खायाला लागत न्हाय."

त्याच खाडीत काकी ओहोटीला शिंपल्या वेचायच्या. त्यांच्या कालवणाचा डबा मीही मिटक्या मारत संपवलाय.

पुढे तिसरी पाळी सुरू झाली. पाणी वाढलं, शुद्धीकरणाच्या टाक्या तेवढ्याच राहिल्या. नव्या टाकीसाठी मी अर्ज करून थकलो. "पुढच्या वर्षी बघू," असं वरच्यांनी म्हटलं की मान हलवून परत यायचो. भित्राच आहे मी, दुसरं काय!

परदेशी ग्राहकांची माणसं 'हरित कारखाना' पाहायला येणार होती, त्याच सकाळी मासे उताणे तरंगत होते. काका बंद व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे.

"मीटर ठीक दाखवतोय, काका."

"मासा न्हाय म्हणतोय."

पाणी अडवलं तर पाहुण्यांसमोर काम बंद पडणार. वरून फोनवर फोन. शेवटी व्हॉल्व्ह मीच उघडला आणि ड्रायव्हरला पाठवून अलिबागच्या दुकानातून चार मासे आणवले.

पाहुण्यांना काचपेटी फार आवडली. एका बाईंनी काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्ये मासे आज आणलेत. माझे मेले."

मी इंग्रजीत सांगितलं, "ते माशांना मुलांसारखं जपतात."

टाळ्या पडल्या. काकांना इंग्रजी येत नव्हतं, पण टाळ्या कळल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो, तर काका बाहेर गेले होते. ओहोटी लागलेली, आणि काकी ओट्यावर नुसत्या बसलेल्या.

"आज शिंपल्यांना गेला नाहीत?"

"त्यांनी बंद कराया लावलं. कारण सांगत न्हाईत." त्यांनी माझ्या हातात चहा दिला. "तुमी शिकलेले, सायेब. तुमीच सांगा, जाऊ का?"

मला 'जा' म्हणता येईना, आणि 'नको' म्हणायचं धैर्य झालं नाही. चहा तसाच ठेवला आणि काका परतायच्या आत निघालो.