न्हाणीतली घाण

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. आणि ती तर तेव्हा माझ्यासोबतच होती. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण-बिरण काही नाही. लई दिवस पोटात सडून राहिली आहे, इतकंच.

आम्ही लातूरचे. जावेद माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याचे अब्बा म्हणजे साऱ्या गल्लीचे चाचा. आयुष्यभर शिलाईचं काम केलेला माणूस. सत्तरीतही स्वतः इस्त्री केलेला पांढरा पायजमाच घालायचे. एका हिवाळ्यात आम्ही राजस्थानला गेलो — मी, बायको, जावेद आणि चाचा. वाळवंटातल्या एका मोठ्या उद्यानात कुणीही तंबू ठोकून राहावं अशी जागा होती. पाण्याची एकच टाकी, तिला लागून पत्र्याची न्हाणी, आणि संडास पार लांब, काटेरी झुडपांच्या पलीकडं. आणखी काही कुटुंबं उतरली होती. चाचांना वाळूचं फार कौतुक. "अपने मांजरा नदी की रेती से भी बारीक है," म्हणत मुठीतून सोडत बसायचे.

दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. वाटेतल्या धाब्यावर अधाशासारखं खाल्लं होतं मी. संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला टेकड्यांवर गेले. मागं राहिलो मी आणि गुडघे धरलेले चाचा. त्यांनी मला लिंबू पिळून साखर-मिठाचं पाणी करून दिलं, "पड जरा," म्हणाले आणि स्वतःही आपल्या तंबूत आडवे झाले.

मग कळ आली. संडासापर्यंत जाता आलं असतं का? खरं सांगू — आलं असतं. पण लांब होतं, आणि आतली अवस्था सकाळीच पाहिली होती. न्हाणी जवळ होती. ज्या फरशीवर सगळे अंघोळ करायचे, भांडी घासायचे, तिथंच मी बसलो. पत्र्यावरही उडालं. बादलीत पाणी होतं. स्वतःपुरतं घेतलं आणि तसाच निघून आलो. माझीच घाण, आणि मलाच बघवेना.

लोक परतले तसा बोभाटा झाला. एक बाई नाकाला पदर लावून ओकायला लागली. राखणदार आमच्याकडं आला. मागं कोण होतं? आम्ही दोघंच. अजून कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. नुसता गप्प बसलो असतो तर — पण मी बोललो. हळू आवाजात, समजूतदार चेहरा करून. "बुजुर्ग आदमी है, ताबा नहीं रहता."

जावेद माझ्याकडं बोट करून चारचौघांत बापावर ओरडला, "अब्बा, इसकू तो उठाना था!"

चाचा झोपेतून उठून बसले होते. त्यांनी आपला पायजमा चाचपून पाहिला, माझ्यादेखत. कोरडा होता. स्वच्छ होता. पण एवढी माणसं टक लावून बघायला लागली, की माणसाचा स्वतःवरचाही विश्वास उडतो का? "याद नहीं बेटा," ते म्हणाले. "मैंच किया हुंगा."

मग खराटा घेऊन न्हाणीत गेले. मी दारात उभा राहून बादल्या आणून देत होतो. लोक मला भला माणूस म्हणाले — हो, म्हणाले. चाचांचे हात माझ्या घाणीत होते आणि मी नाकाला रुमाल धरला होता.

परतीच्या गाडीत त्यांनी काही खाल्लं नाही. नंतर गावाला जाणं सोडलं, पाहुण्यांत जेवणं सोडलं. गल्लीत भेटले की माझ्या पोटाची चौकशी मात्र करायचे.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं लग्न झालं. चाचा आले. मंगल कार्यालयाच्या मागच्या दारापाशी, संडासाजवळची खुर्ची धरून बसले. मी ताट घेऊन गेलो. म्हणालो, "चाचा, दोन घास तरी घ्या."

"नक्को बेटा." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "तेरे घर का काम है. कुछ हो गया तो?"

मी ते ताट घेऊन पुढच्या पाहुण्याकडं गेलो.