फळी नुसती दाबायची नसते

दोन वर्षांपूर्वी किन्हवलीच्या वळणावर मोटारसायकल घसरली आणि माझ्या डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली. हाड जुळलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण माझा त्या पायावर विश्वास राहिला नाही. एसटीत चढताना आधी त्याला विचारायचो, मग पाऊल टाकायचो. चिखलणीनंतर बैलांमागच्या फळीवर उभं राहून भाताचं खाचर सपाट करणं हे माझं काम. तेही धाकट्या भावाकडे गेलं. मी बांधावर बसून सूचना द्यायचो आणि कुणी ऐकायचं नाही. आता जन्मभर असंच बसायचं, ही धास्ती मनात होती.

टोकावड्याजवळच्या एका तळ्यावर माझी मुलगी पर्यटकांना पाण्यातले खेळ शिकवते. तिथं एक नवी फळी आली. तिच्याखाली कमरेएवढा दांडा, दांड्याच्या टोकाला पंख. वेग मिळाला की पंख फळीला पाण्यावर उचलतो. वारा नको, लाट नको. पायांनी फळी खालीवर करत, पंप मारल्यासारखं पुढे जात राहायचं.

"बाबा, पाय खरा का खोटा, ते इथं कळेल," ती म्हणाली. मी चिडलो. चिडलो म्हणूनच तरंगायचं जाकीट घातलं.

धक्क्यावरून फळी पुढे ढकलायची आणि तिच्यावर उडी टाकायची. ती उडी जमायलाच अडीच महिने गेले. डावा पाय पुढे, उजवा मागे. पण मी पडलो शेतातला माणूस. टाचा रोवून, मागे झुकून फळी दाबून धरायचो. चिखलात ती अशीच बसते. इथं मात्र तिचं नाक वर जायचं आणि मी पाठीवर आपटायचो. मुलगी ओरडून घसा बसवून घ्यायची, वर मीच तिला शेतातलं शास्त्र ऐकवायचो. शास्त्र कसलं, पुढच्या पायावर भार टाकायची भीती होती.

एका रविवारी बायको डबा घेऊन आली. तासभर माझं बुडणं बघून म्हणाली, "अवो, पंचमीला आमी उभ्यानं झोका चढवतो, तो बघितला नाय काय कधी? दाबायचं नि लगेच सोडायचं. तुमी नुसतं दाबताय."

तिचं ऐकणं मला जड जातं, पण दुसरा उपाय उरला नव्हता. उडी टाकली. दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. फळीखालचा पाण्याचा खळखळाट एकदम थांबला. मी वर होतो! वर राहून असे सहा दाब जमले, कदाचित सात. मग आनंदात पाय थांबले आणि मी धप्पकन पाण्यात.

हसत, नाकातोंडात पाणी घेत धक्क्याशी आलो. बायको वाकून उभी होती.

"पाय कसा हाय?"

"कुठला?" मी विचारलं.

ती तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय विचारलं ते.