ठकीला शिस्त लावताना

कोट शिवण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण घरात त्यांचं चालत नसे दोघींपुढे. एक बायको आणि दुसरी ठकी, त्यांची करडी मांजर. शिलाई मशीन सुरू झालं की ठकी त्यांच्या डाव्या पावलावर अंगाचं मुटकुळं करून बसे. मग मास्तर एकाच पायाने पायडल हाकत. "ऊब लागते तिला," म्हणत. पण तो पाय संधिवाताचा. ऊब कुणाला हवी होती, ते बायको ओळखून होती.

ठकीला खोड एकच. खुंटीवर टांगलेला अर्धामुर्धा कोट दिसला की तिची नखं शिवशिवत. दुसरा कोट ओरबाडला गेला, तेव्हा काजं करणाऱ्या बायकोची सुई थांबली.

"अहो, आता तिसऱ्याला हात लावला ना, तर ही बया माझ्या बहिणीकडे जाईल."

"अगं, तिच्याकडे कुत्रा आहे! लेकरू आहे ते."

"लेकरू? घोडी झालीय चांगली!"

मास्तरांनी लेकीला फोन लावला. "मारायचं नाही हं, बाबा," ती म्हणाली. "नख काढलं की पाण्याचा फवारा. लागत नाही, पण अद्दल घडते."

फवारा हाताशीच होता, इस्त्रीच्या बाटलीत. ठकी तिसऱ्या कोटाकडे झेपावली आणि फुस्स! ठकी थेट माळ्यावर.

"बघ, कशी सुतासारखी सरळ झाली!" मास्तर म्हणाले.

पण घर शिंप्याचं. बाही जोडली, फुस्स, इस्त्री. कॉलर उलटवली, फुस्स, इस्त्री. काही न करता दिवसभर शिक्षा ऐकून ठकीने माळ्यावरच बिऱ्हाड थाटलं. मशीन सुरू झालं तरी पावलावर कुणी येईना. वरून दोन डोळे तेवढे रोखलेले, लग्नात मान न मिळालेल्या आत्याबाईसारखे. मास्तरांचा पाय ठणकू लागला.

आणि मास्तर जेवायला उठताच ती खाली उतरली आणि तिने कोट ओरबाडला.

"लागली हो शिस्त!" बायको म्हणाली. "मास्तर असताना नखं काढायची नाहीत, एवढंच शिकली ती. लावते बहिणीला फोन."

"थांब जरा." मास्तरांनी कोट उजेडात धरला. लोकरीला ओरखडासुद्धा नव्हता. छातीला आकार यावा म्हणून आतून लावतात ते खरखरीत कॅनव्हास तेवढं पिंजलं होतं. धूळ बसू नये म्हणून कच्चा कोट उलटा टांगायची मास्तरांची जुनी सवय. म्हणजे कॅनव्हास ठकीच्या तोंडासमोर! मागच्या दोन्ही कोटांचंही कॅनव्हासच तर बदललं होतं त्यांनी. पण रागाच्या भरात ते डोक्यात शिरलंच नाही.

त्यांनी टेबलाच्या पायाला कॅनव्हासचा तुकडा घट्ट गुंडाळला, कोट सुलटा करून टांगला आणि बाटली कपाटात टाकली. वाटीत पाणी घेऊन बोटांनीच कापडावर शिंपडू लागले.

ठकी तरी लगेच उतरली नाही. दोन दिवस भाव खाल्ला. मग आली, टेबलाच्या पायाला मनसोक्त नखं घासली, वाटीतलं पाणी प्यायली आणि डाव्या पावलावर पसरली.

"अहो, गिऱ्हाईक येईल. कोटाला इस्त्री करा की."

"कसा उठू? झोपलीय ती."

"डोक्यावर बसवून ठेवलीय नुसती," पुटपुटत बायको स्वतः उठली. बाटलीसाठी तिचा हात कपाटाकडे गेला. तिने खाली पाहिलं, हात मागे घेतला आणि वाटीत बोटं बुडवली.