बेन्सियन नवगावकरांची लेक चर्चला जाते

बेन्सियन नवगावकर कॅनडातल्या व्हिटबीत आले तेव्हा लेक ओरित जेमतेम चालायला शिकली होती. ठाण्याच्या कारखान्यात ते फिटर होते. इथे सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. मराठी बोलणारी ज्यू घरं टोरोंटोच्या आसपास मोजकीच. सणाला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, गोड पोह्यांचा मलिदा करायचा, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव घ्यायचं, आणि आपण कोण ते पोरांना सांगायचं. एवढं पुरेल असं बेन्सियनना वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांची बायको ग्रेस कॅन्सरने गेली. शेवटी शेवटी हॉस्पिटलात एक म्हातारी नन रोज येऊन तिच्यापाशी बसायची. धर्माचं अवाक्षर काढायची नाही, नुसते ग्रेसचे पाय चेपायची. ओरितनं ते पाहिलं होतं. ती त्या ननच्या चर्चमध्ये जाऊ लागली, आणि थंडी सुरू होताना म्हणाली, "पप्पा, मी ईस्टरला बाप्तिस्मा घेणार आहे."

बेन्सियनना राग आला नाही. त्यांनी धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

"एकदा माझ्याबरोबर बाप्तिस्म्याच्या क्लासला या ना, प्लीज," ओरित म्हणाली. "काय शिकवतात ते तरी बघा."

लेकीचा शब्द मोडवेना, म्हणून ते गेले. शिकवणारे डीकन, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचे, मार्टिन हे एक रिटायर्ड शाळामास्तर. त्या दिवशी विषय होता कॅथलिक चर्चची सुरुवात. येशू ज्यू, त्याची आई ज्यू, पेत्र ज्यू कोळी, असं डीकननी सांगितलं. येशू गेल्यावरही ही मंडळी जेरुसलेमच्या मंदिरात जात होती. मग ज्यू नसलेले बाहेरचे लोक येऊ लागले. त्यांनी सुंता करायची का, यावरून वाद झाला आणि नको असं ठरलं. पुढे रोमनांनी मंदिर पाडलं, ज्यू आणि ख्रिस्ती यांच्या वाटा फुटत गेल्या, आणि जिथे पेत्र मारला गेला त्या रोमच्या बिशपचा शब्द वजनदार झाला. कॅथलिक म्हणजे सगळ्यांचं, सगळीकडचं.

ओरित हळूच कुजबुजली, "बघा पप्पा, आपलेच होते ते."

बेन्सियननी हात वर केला. "सगळ्यांचं म्हणता. मग जे ज्यू तुमच्यात आले नाहीत, त्यांचं काय झालं?"

डीकन म्हणाले, "चौथ्या शतकात सगळे बिशप नायसिया नावाच्या शहरात जमले. ईस्टरचा दिवस ज्यूंच्या पंचांगावरून धरायचा नाही, असं ठरवलं. पुढे ज्यूंचा फार छळ झाला, आमच्याच लोकांकडून, सर."

परतताना ओरित गाडी चालवत होती. "मी कुठे लांब चाललेय?" ती म्हणाली.

"परक्यांकडे गेली असतीस तर एक वेळ समजलं असतं. हे घरातनं वेगळे निघाले आणि मग घरावरच उलटले." बेन्सियन खिडकीबाहेर बघत राहिले. "आपले लोक तेव्हा कोकणात तेल गाळत होते. त्या भांडणाची त्यांना खबरसुद्धा नव्हती. तिथे आपल्याला कुणी बोटही लावलं नाही. तरी मला हे का खुपतंय, ते मलाच कळत नाही."

"मम्मीला चाललं असतं?"

"तिला चाललं असतं," ते म्हणाले. "मला नाही चालत."

ईस्टरला ते गेले नाहीत. ओरितनं फोनवर फोटो पाठवला, तो त्यांनी उघडला नाही.

पुढच्या शुक्रवारी ती नेहमीसारखी आली, पण दारातच थांबली. "येऊ ना?"

"घर तुझंच आहे," बेन्सियन म्हणाले.

शब्बाथचे, म्हणजे शुक्रवार संध्याकाळचे, दिवे घरातल्या बाईनं लावायचे; ग्रेसनंतर ते ओरित लावायची. आज काडेपेटी कुणी उचलायची हे दोघांनाही कळेना. शेवटी बेन्सियननीच दिवे लावले. त्यांना ते कधी लावायला लागले नव्हते, एक काडी वाया गेली. मनुकांच्या सरबतावर त्यांनी किद्दूशची प्रार्थना म्हटली. ओरितनं आमेन म्हटलं. आपली मुलगी हा शब्द आता कुठल्या बाजूने म्हणतेय, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पेला त्यांनी तिच्यापुढे धरला.