गळलेल्या दोन मात्रा

पहिली पत्रिका देवाला. म्हणून बाबांनी माझ्या लग्नाची पत्रिका हळदकुंकू लावून देवासमोर ठेवली. तात्यांनी ती उचलली. चष्मा नीट केला. वाचली. मग खिशातलं पेन काढून भरल्या देवळात आमच्या आडनावावर काट मारली.

"काय रे, ह्यो गावकर कोण?"

तात्या म्हणजे आमच्या गावचे मानकरी. बाबा त्यांच्यापुढे हात बांधून उभे होते.

"तात्यांनू, छापताना दोन मात्रा गळल्यो."

"गळल्यो, का गाळलंस?"

देऊळभर हशा. बाबाही हसले. तेच जास्त लागलं मला.

आमचं आडनाव गोवेकर. ‘गो’वरची मात्रा पुसा, ‘वे’वरची पुसा, उरतं गावकर. मालवणच्या छापखान्यात नेमकं तेच झालं, आणि आम्ही गठ्ठा तसाच घरी आणला. पण आमच्याकडे गावकर हे नुसतं आडनाव नाही. ज्यांनी गाव वसवलं ते गावकर. पालखीला पहिला खांदा त्यांचा, प्रसादाचा पहिला नारळ त्यांचा, आणि देवाशी बोलायचं तेही त्यांनीच. तात्या त्यांतलेच. गोवेकर म्हणजे गोव्याकडून आलेले. भायले, बाहेरचे. कितीही पिढ्या इथल्या मातीत गेल्या तरी भायलेच. आणि गंमत बघा, महिन्याभरात ते आडनाव माझं राहणारही नव्हतं.

तात्यांनी पत्रिका खाली टाकली आणि हात जोडले. गाऱ्हाणं सुरू झालं. आमच्याकडे मानकरी देवाला साकडं घालतो आणि जमलेला गाव दर वाक्याला होकार देतो.

"बा देवा म्हाराजा! भायसून इलेलो, आमच्या वाडवडलांनी आसरो दिलेलो, असो ह्यो तुझो लेकरू. तेच्या हातसून चूक झाली आसा. ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे ‘भायसून इलेलो’ मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या घरचा नारळ असला की ते यायचंच. मीही होकार दिलाय त्याला, फ्रॉक घालून, हात जोडून. पण त्या दिवशी बाबांचा आवाज ऐकू आला. सगळ्यांच्या आधी. सगळ्यांपेक्षा मोठा. माझा बाप स्वतःच्या अपमानाला हो म्हणत होता आणि कुणापेक्षा मागे पडू नये म्हणून ओरडत होता. मला लाज वाटली. त्यांची नाही. त्या होकाराची.

हुकूम झाला. पत्रिका नव्या छापायच्या. येत्या सोमवारी पुन्हा नारळ ठेवायचा, पुन्हा गाऱ्हाणं. तोवर लग्नाला गावाचा शब्द नाही. गावाचा शब्द नाही म्हणजे मांडवाला माणूस नाही.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, "आपलो पयलो माणूस कोण होतो?"

बाबा म्हणाले, फिरंग्याच्या भीतीने रात्री होडीतून पळून आलेला. आते म्हणाली, छे, तो कारवारकडचा, होड्या बांधायला आला आणि इथेच राहिला. तात्यांच्या घरात सांगतात, खाडीच्या काठावर उपाशी पडला होता, आम्ही पेज पाजली. नाव कुणालाच ठाऊक नाही. पेज मात्र सगळ्या गावाला ठाऊक.

मी हट्ट धरला, गोव्यात जाऊन विचारू. बाबांची भाड्याची जीप आहे. गोव्यात त्यांना एकच देऊळ माहीत होतं, तात्यांच्या कुळदेवाचं. दर वर्षी तात्यांच्या घरच्यांना घेऊन बाबाच जायचे. ते आत, बाबा जीपमध्ये.

तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं. ते हसले, पण तात्यांसारखे नाही.

"गोंयांत गोवेकर कोणूच ना गो बाये. तें नांव तुमकां तुमच्या गांवान दिलां."

मी जागच्या जागी उभी राहिले. खरंच की. गोव्यात राहणारा स्वतःला गोवेकर कशाला म्हणेल? ज्या आडनावात आम्ही मूळपुरुषाचा पत्ता शोधत होतो, तो पत्ता नव्हताच. ते गावाने आमच्याकडे केलेलं बोट होतं.

परत येताना जीपमध्ये मी विचारलं, "बाबा, तात्यांचो कुळदेव गोयात कसो?"

"पयल्यापासून थंयच आसा."

"कुळदेव गोयात, तर कूळ खंय होता?"

इतकी वर्षं बाबांनीच गाडी चालवली होती. गावच्या मूळ माणसांना त्यांच्या मूळ देवाकडे हा भायला माणूस नेऊन आणत होता, आणि कुणालाही, आम्हालाही, हा प्रश्न पडला नव्हता.

सोमवारी देऊळ भरलेलं. नव्या पत्रिकेवर गोवेकर, दोन्ही मात्रा जागेवर. तात्यांनी ती बोटाने तपासली. समाधान झालं. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! भायसून इलेलो, आमच्या वाडवडलांनी आसरो दिलेलो..."

"नाय म्हाराजा!"

बायकांच्या रांगेतून. मीच. माझा आवाज चिरकला होता, पण पोचला.

गाऱ्हाण्यात कुणी नाही म्हणत नाही. तात्या वळले.

"बायलमाणसान गाऱ्हाण्यात तोंड घालूचा नाय."

"तात्यांनू, भायसून आमीच इलव काय? मग तुमचो कुळदेव गोयात कित्याक?"

कुणी हसलं नाही. आई माझा पदर ओढत होती. तात्यांचा चेहरा लाल झाला. ते बाबांकडे वळले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, सावकाश, एकेक शब्द. मग थांबले. सगळा गाव बाबांच्या तोंडाकडे बघत होता. मीही.

बाबांनी होकार दिला नाही. नकारही नाही. खाली वाकून आपला नारळ उचलला, पिशवीत घातला आणि आईला म्हणाले, "चल गो."

लग्न झालं. मांडवात गावचं कुणी आलं नाही. जेवण उरलं. बाबांचं तात्यांकडचं भाडं कायमचं गेलं, आणि आई अजूनही अधूनमधून मला बोल लावते. लावू दे.

सासर नांदगावला. लग्नाची नोंद करताना कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "लग्नानंतरचं आडनाव?"

"गोवेकर," मी म्हणाले. "दोन्ही मात्रा घाला."

मूळपुरुष कोण, हे मी आता शोधत नाही. तो पळून आला असेल, होड्या बांधायला आला असेल, उपाशी आला असेल. आला. एवढं पुरे. दर वर्षी जत्रेला मात्र मी नांदगावहून जाते, देवळात पुढे जाऊन उभी राहते. आमचा नारळ ठेवते. तात्यांनी अजून ते वाक्य सोडलेलं नाही.

ते म्हणत राहतील तोवर मी जाणार. आणि नाही म्हणणार.