गंगूकाकूंना मी ओळखलं नाही

मी नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले, तेव्हा वेल्ह्याहून नसरापूरपर्यंत बैलगाडीत माझ्यासोबत आई होती आणि शेजारच्या गंगूकाकू होत्या. दादा, गाडी तूच हाकत होतास. आपण गावातलं एकुलतं ख्रिस्ती घर. आपले वडील, मिशनच्या शाळेचे मास्तर, तापानं गेले तेव्हा पुष्कळ जण दारातूनच परत फिरले होते. आपल्या चुलीवर भात शिजवायला आल्या त्या गंगूकाकू.

नसरापूरला सर्व्हिस मोटार आली. दारी आलेल्या कुणाचीही जखम धुताना आई जे म्हणायची, तेच तेव्हाही म्हणाली, "परार्थना तोंडानं झाली की हातानं करायची, सोने." काकूंनी नाचणीच्या भाकरी बांधून दिल्या.

पुण्यात मला सगळे सिस्टर म्हणू लागले. ड्युटी, ड्रेसिंग, वॉर्ड हे शब्द लवकर तोंडात बसले. होस्टेलवरच्या मुली माझ्या 'न्हाई'ला, 'व्हय'ला हसत, म्हणून मी जीभ सरळ केली. वडील हेडमास्तर होते, असं वाढवून सांगायचे. गावाचं नाव टाळायचे.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी गंगूकाकू दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या दिसल्या. पायाला चिखलानं माखलेली चिंधी, पाय सुजून टम्म झालेला.

"सोने, म्या आले गं. काटा मोडलाय. तुज्या आयनं पाठिवलं."

माझ्याबरोबर तिघी मुली होत्या. एकीनं विचारलं, "तुझ्या ओळखीच्या आहेत?"

"नाही," मी म्हणाले. "ह्या लोकांना सगळ्याच नर्सा आपल्या वाटतात. बाई, तिकडे रांगेत बसा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला. "चुकलं माजं, बाई," म्हणाल्या आणि लंगडत रांगेच्या शेवटी जाऊन बसल्या.

दुपारपर्यंत त्या तिथंच होत्या. मी दोनदा त्यांच्यासमोरून गेले. दोन्ही वेळा त्यांनीच मान खाली घातली. पाय दुसऱ्याच कुणी धुतला.

आठवड्यानं आईचं पत्र आलं, तुझ्या अक्षरातलं. तू तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचास. 'गंगू सांगती, सोनीनं हाताला धरून आत नेलं, सोता पाय धुतला, आपल्या ताटातलं खाऊ घातलं. रविवारी भोरच्या उपासनेत म्या समद्यांना सांगितलं. तुजा बाप आसता तर लई सुखावला आसता.' चादरींच्या खोलीत उभी राहून ते पत्र मी वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

नाताळच्या सुट्टीत घरी आले. आई माझ्याकडे इतक्या अभिमानानं बघायची की मी ताटावरून लवकर उठायचे. दुसऱ्या दिवशी तू शेतावर असताना तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग उठली आणि मला शेजारी घेऊन गेली.

काकू गाईपुढं वैरण टाकत होत्या. पायाची जखम अजून ओलीच होती. मी वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून उठवलं.

"काकू, मी तुम्हांला..."

"ठावं हाय मला. आयला कशापायी सांगितलंस? चार दिस तिचा जीव किती हरकला हुता."

आई त्यांच्या उंबऱ्यावर बसून रडली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

दोघीही आता नाहीत. आपल्या मावळातला कुणी पेशंट आला की मी उठते, हात धरून आत नेते. नव्या मुली म्हणतात, सिस्टरच्या अंगात ख्रिस्ताची प्रीती आहे. मी खाली मान घालून कामाला लागते. दया काय असते ते मी ज्या बाईकडून शिकले, तिनं गावातल्या देवळाची वाट कधी सोडली नव्हती, की आपलं बायबल हातात घेतलं नव्हतं.

तू पत्रात विचारतोस, घराची आठवण येते का. येते, दादा. पण आपल्या घराची नाही, शेजारच्या. मी कशी आहे ते तिथं पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही मला आत घेतलं होतं.